ताईने भरलेली हवा

ताई बुधवारी गेली. शनिवारी माझं सुतक फिटलं.

गुरुजींनी सांगितलं, लग्न झालेल्या बहिणीचं भावाला तीन दिवस. भावोजींना आणि भाचीला मात्र पुरे तेरा. मी शनिवारी अंघोळ केली आणि सोमवारी घाटकोपरच्या कॉलेजात, आमच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत बसलो. संध्याकाळी मुलुंडला जायचो. भावोजींच्या दारात चपलांची रास पडलेली असायची. येणारा प्रत्येक माणूस त्यांचा हात हातात घेऊन बसायचा आणि मी त्या माणसाला पाणी आणून द्यायचो. एका बाईंनी ग्लास घेताना विचारलं, "तुम्ही याच सोसायटीतले का?"

मला भावोजींचा हेवा वाटतो, हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते गाडीमुळे आलं.

गाडी ताईची. दोन सीटांची, वरचा कापडी टप उघडणारी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, जुनी परदेशी गाडी. पवईच्या तिच्या ऑफिसातले एक साहेब देश सोडून गेले, त्यांच्याकडून तिने ती घेतली होती. आमचे वडील गिरणीत होते. आमच्या घरात वस्तू जपायची म्हणजे वापरायची नाही, अशी रीत होती. आईचे चांगले कप शोकेसमध्येच राहिले, रिमोटचं प्लास्टिक कधी निघालं नाही. ताईचं सगळं उलटं. ती म्हणायची, "वस्तूला हात लागत राहिला पाहिजे रे. नाहीतर ती आतून मरते आणि बाहेरून आपल्याला काही कळत नाही."

गाडीचं सगळं ती स्वतः बघायची. ओढणी कमरेला बांधून बॉनेटखाली वाकलेली ताई सोसायटीत सगळ्यांना माहीत होती. गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक तिने मला दिलं होतं. "तू वाच, मी करते." मी त्याला ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. गाडी उभी असली तरी टायरचं वय वाढतं, ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, हे मला त्यातून कळलं. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या नळ्यांना सोसत नाही, हे ताईने सांगितलं. त्या नळ्या तिला बदलायच्या होत्या. साकीनाक्याच्या एका गॅरेजवाल्याला तिने तसं सांगूनही ठेवलं होतं.

रविवारी सकाळी ती आणि भावोजी पवईच्या तलावापर्यंत जाऊन यायचे. भावोजी बँकेतले, गाडीतलं त्यांना काही कळायचं नाही. ते डावीकडे बसायचे आणि इडलीचा डबा सांभाळायचे. मी कधी रविवारी गेलो तर ताई म्हणायची, "तुला कुठे बसवू रे? दोनच सीटा." मग मी गॅलरीत उभा राहून त्यांना जाताना बघायचो. हेवा तेव्हापासूनच असणार.

त्या बुधवारी दुपारी ताईने पायपंपाने चारही टायरांत हवा भरली, वर आली, पंखा लावला आणि खाली बसली. भाची पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर भावोजींनी गाडीवर कव्हर घातलं आणि जाहीर केलं, या गाडीला कोणी हात लावायचा नाही. सीट तिच्या उंचीला ठेवलेली होती, ती तशीच राहिली. आरशाला अडकवलेला तिचा रबरबँड तसाच राहिला. टाकीतलं पेट्रोल तिने भरलेलं होतं. आणि टायरमधली हवा तिने भरलेली होती. दोन-तीन महिन्यांनी मी सहज म्हटलं, "भावोजी, हवा उतरल्यासारखी वाटते." ते म्हणाले, "उतरू दे. पण तिच्यात दुसरी मिसळायची नाही."

हे मला सुचलं नव्हतं. तिच्या श्वासाशेजारी ज्याची उशी वर्षानुवर्षं होती, त्याला हेही सुचावं, आणि तिच्याबरोबर एका चादरीत वाढलेल्या मला सुचू नये, याचा मला राग आला. माझ्याकडे तिची वस्तू म्हणून ते माहितीपुस्तक होतं, आणि त्यावरचं कव्हरही मीच घातलेलं.

रविवारी भावोजी कव्हर अर्धं बाजूला करून डाव्या सीटवर बसायचे. उजवीकडे कधीच नाही. सोसायटीत त्याची गोष्ट झाली. बायका आपापल्या नवऱ्यांना बोट दाखवायच्या. खालच्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, "तुमच्या भावोजींनी आमची पंचाईत केलीय हो. मी गेलो तर आमची ही माझी स्कूटर चौथ्या दिवशी भंगारात घालील, वर म्हणेल, जागा झाली."

मी हसलो. घरी जाताना मात्र मनात एकच होतं: हे जपणं नाही, हे शोकेस आहे. ताईला हे अजिबात आवडलं नसतं. हे म्हणायचा अधिकार मला होता, पण म्हणालो नाही. त्यात ताईची बाजू किती आणि माझा हेवा किती, ते मला वेगळं काढता येईना.

वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात भावोजींचा फोन आला. "त्या दिवशी जेवणं झाली की गाडी काढणार आहे. पवईपर्यंत. मी चालवणार, पोरगी शेजारी बसेल. तिची फेरी पुरी करायची."

"गाडी वर्षभर उभी आहे, भावोजी."

"बॅटरीवाल्याला बोलावलंय."

बॅटरीपुरती त्यांनी सूट दिली होती.

मी त्याच संध्याकाळी गेलो. कव्हर उचललं. कव्हराखाली दमट वास कोंडलेला होता. टायर अर्धे बसले होते आणि त्यांच्या बाजूंना नखाने ओढल्यासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, "टायर गेलेत हे."

भावोजी वाकून बघू लागले. "अरे, नक्षी बघ ना. घासलेले कुठे आहेत? चाललीच किती गाडी ती?"

"न चालताही टायर म्हातारे होतात. ब्रेकचं तेल बदलायला हवं. नळ्या तर ताईच बदलणार होती. तुम्ही दोघं पवईच्या उतारावर असताना काही झालं तर?"

ते सरळ उभे राहिले. "एक विचारू? राग मानू नकोस. तुला त्रास गाडीच्या नळ्यांचा होतो की गाडी माझ्याकडे आहे याचा?"

मी कव्हर परत गाडीवर ओढलं. ते खरं होतं. टायरही खरे होते. पण एक खरं असलं की दुसरं कोणी ऐकत नाही.

भाची दारात उभी होती. ती पवईला इंजिनिअरिंग शिकते. मला वाटलं, ती तरी बोलेल. ती म्हणाली, "मामा, चहा घेणार?"

श्राद्धाच्या दिवशी पिंड दिले, कावळा लगेच शिवला. कोणीतरी म्हणालं, समाधानात आहे ती. आत्या म्हणाली, "असणारच. असा नवरा कोणाला मिळतो?" पंगत बसली. भावोजी गाडीची किल्ली खिशात ठेवून वाढत होते. वर्षभरात इतका उत्साह मी त्यांच्या अंगात बघितला नव्हता. गाडीवर झेंडूची माळ घालून झाली होती. भाची समोरच्या पाटावर भात नुसता कालवत होती.

मी ताट अर्धं टाकून उठलो. हात धुतले आणि जिना उतरलो.

गाडीपाशी उकिडवं बसून पुढच्या चाकाच्या वाल्वचं टोपण काढलं आणि माझ्या घराच्या किल्लीच्या टोकाने मधली पिन दाबली. हवा सुटली. बोटांवर आली, जराशी गार. ताईने पाय मारून मारून भरलेली ती हवा मी एकटाच हातावर घेत होतो. ही निदान भावोजींना मिळाली नाही, असा विचार माझ्या मनात आला. पोरीचा जीव वाचवायला बसलेल्या माणसाच्या मनात तो यायला नको होता, पण तो पहिला आला.

"मामा."

भाची मागे उभी होती. हात खरकटाच. मी काही सांगायला तोंड उघडलं.

"एकाच टायरची सोडून काय होणार?" ती म्हणाली. "डिकीत स्टेपनी आहे. बाबा खालच्या काकांना हाताशी घेऊन चाक बदलतील."

"मग?"

"सगळ्यांची सोड ना." ती माझ्या शेजारी बसली. "मी महिनाभर नाही म्हणायचं ठरवतेय. ते मला विचारतच नाहीत. फक्त सांगतात, तुझी आई वरून बघेल." मग तिने नाक पुसलं आणि मागच्या चाकाकडे सरकली. "टोपण उलटं फिरवायचं ना?"

तीन टायर बसले तेव्हा भावोजी खाली आले. गाडी एका अंगाला कलली होती आणि माळ सुटून लोंबत होती. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मी केलं," भाची म्हणाली.

"मी केलं," मी म्हणालो. "तिने मागची दोन."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दार उघडलं आणि पहिल्यांदाच उजव्या सीटवर बसले. गुडघे स्टिअरिंगला लागले, कारण सीट ताईच्या उंचीला होती. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा खालपर्यंत जातो. असाच असतो का?"

"नाही."

"मला काय माहीत? मी डबा धरून बसायचो."

तरी त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. तो आवाज वर्षाने ऐकला. मग वास आला. भाची वाकली. "बाबा, बंद करा. पेट्रोल गळतंय. खाली नाही, इंजिनावर गळतंय. आधी बंद करा."

त्यांनी बंद केलं. बॉनेट मी उघडलं. नळी हाताने दाबली तर तिचा तुकडा बिस्किटासारखा सुटून हातात आला. पेट्रोल धातूवर पसरलं होतं. इंजिन अजून गार होतं म्हणून आम्ही तिथे उभे होतो. पवईपर्यंत ते गार राहिलं नसतं.

भावोजींनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला. लेकीकडे बघितलं. "तू बसली असतीस?"

"तुम्ही सांगितलं असतं तर बसले असते."

ते गाडीतून उतरले आणि चौथ्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "याला हात लावू नकोस. एवढं ऐक."

मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलून साकीनाक्याला नेली. नळ्या, ब्रेक, टायर, सगळं नवं झालं. ती आता भाची चालवते. महिन्यातून एकदा बॉनेट उघडते आणि मी शेजारी उभा राहून पुस्तकातलं वाचून दाखवतो. रविवारी भावोजी डावीकडे बसतात. कधी ते गुडघ्याचं कारण काढून खाली येत नाहीत, तेव्हा मी बसतो. गुडघा खरंच दुखतो का, ते मी विचारत नाही.

चौथा टायर चाकासकट त्यांच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे ठेवलेला आहे. मी गेलो की ते चहा ठेवायला आत जातात, आणि मी तो अंगठ्याने दाबून बघतो. त्यात अजून थोडी हवा आहे.