जड मोटरीची तक्रार

दुकानात बाई बसलेली दिसली की नवं गिऱ्हाईक आधी आत डोकावतं आणि विचारतं, "मालक न्हाईत?" मी म्हणते, मीच मालक. मग पावणं एकदा पाटीकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि दुसरा इलाज नसल्यासारखे बाकावर टेकतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता बऱ्याचदा हसू येतं, पण राग पार गेला असं म्हटलं तर ते खोटं होईल.

आमचं दुकान लक्ष्मीपुरीत, शेतीच्या मोटरींचं. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे मी चालवते. आलेला माणूस आधी माझी परीक्षा घेतो. नदीपासून शेत इतकं उंच, पाइप इतक्या इंची, तर पाणी चढेल का, असं खोदून खोदून विचारतो. मी पास झाले की मग तो कोडोलीचा असो नाहीतर बिद्रीचा, शेवटी एकच म्हणतो, "मग ताई, तुमीच सांगा, कुठली घिऊ?"

माझं दुकान या प्रश्नावर चालतं. मोटर म्हणजे काही वांगी नव्हेत, की हातात घेऊन दाबून बघावीत. तिच्या पोटात काय आहे ते शेतकऱ्याला दिसत नाही आणि कंपनीच्या गुळगुळीत कागदावर त्याचा विश्वास नसतो. तो माझ्या तोंडाकडे बघतो. मी सांगेन ती मोटर टेम्पोत चढते.

बरीच वर्षं मी सांगायचे ती मोटर उद्यमनगरातल्या एका काकांची असायची. हे काका नात्याचे नव्हेत. वडिलांचे मित्र. पूर्वी एका कारखान्यात टर्नर होते, मग स्वतःची शेड टाकून मोटरी बनवायला लागले. तीन कामगार आणि चौथे ते स्वतः. त्यांच्या निम्म्याहून जास्त मोटरी आमच्याच दुकानातून जायच्या, म्हणजे ती शेड आमच्या दुकानावर उभी होती म्हटलं तरी चालेल. मोटर दिसायला ओबडधोबड, हिरवा रंग, जाडजूड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं अंग. पण गढूळ पाणी ओढून ओढून दमायची नाही, आणि बिघडलीच तर गावातला वायरमन पारावर बसून खोलायचा आणि नीट करून द्यायचा.

वजन मात्र दांडगं होतं. गगनबावड्याकडे पाऊस लागला की आमच्या नद्या फुगतात, आणि पाणी चढायच्या आत काठावरच्या मोटरी काढून वर आणाव्या लागतात. दोर लावून, चिखलातून काकांची मोटर ओढताना लोक मनसोक्त शिव्या घालायचे. "ही मोटर न्हाय, रेडा हाय," म्हणायचे, आणि दिवाळीनंतर भावासाठी तीच मोटर न्यायला यायचे. त्या शिव्यांत कौतुकच होतं. ते मला कळत होतं आणि काकांनाही कळत होतं.

एका वर्षी दसऱ्यानंतर मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी आला. त्या कंपनीच्याही मोटरी आम्ही ठेवत होतो आणि त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. माणूस तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला साखर. म्हणाला, "मॅडम, दुकानाला नवं रूप देऊ." पुढे काच, वर दिव्यांची पाटी, आत एसी, आणि वर्षाच्या शेवटी दोघांना थायलंडची सहल. मी विचारलं, बदल्यात काय?

"काही नाही. इथं फक्त आमचाच माल दिसावा. त्या हिरव्या मोटरी नकोत."

मी म्हटलं, मागे गोडाऊनमध्ये ठेवते. तो हसला. "गोडाऊनमध्येही नकोत, मॅडम. आम्ही कुणाला बंद करा म्हणत नाही. पण एकनिष्ठ डीलरला कंपनी कधी विसरत नाही."

कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. काचेचं आणि पाटीचं तेवढं पत्र होतं.

मी नवऱ्याला विचारलं. तो हायस्कूलवर गणित शिकवतो, धंद्यात नाक खुपसत नाही. म्हणाला, "त्यात काय एवढं? कोल्ड्रिंकवाले दुकानात फ्रिज देतात, मग त्यात दुसऱ्याची बाटली ठेवू देतात का? दुकान तुझं, काय ठेवायचं ते तू ठरव." बोलणं अगदी बिनतोड होतं. फक्त ते आता मी ठरवत नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या आलं होतं तरी मी बोलले नाही.

खरं सांगायचं तर मला ती पाटी हवी होती. दिव्यांच्या पाटीखाली, काचेआड, एसीत बसलेल्या बाईला "मालक न्हाईत?" असं कोण विचारील, असं माझ्या मनात होतं. अजूनही विचारतात, ती गोष्ट वेगळी.

काच बसली. हिरव्या मोटरी होत्या तेवढ्या विकून संपवल्या आणि नवा माल सांगितला नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की म्हणायचे, ती आता येत नाही. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. चार-पाच जणांनंतर अडखळायची थांबली, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. "मग कुठली घिऊ?" असं विचारलं की मी कंपनीची सांगायचे. शेतकरी पूर्वीसारखाच माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याला काय माहीत, ते तोंड आता भाड्यानं गेलंय.

काकांना मी काही सांगितलं नाही. ते फोन करायचे, "पाठवू का गं धा-बारा?" मी म्हणायचे, सध्या उठाव नाही काका, थोडं थांबा. त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही. बाजारात उठाव कमी-जास्त होतो, एवढंच ते धरून चालले. दिव्यांची पाटी त्यांनीही बघितली असणार. पण आपल्या मित्राची मुलगी असं काही करील हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन दुकानात आले. काचेचा दरवाजा ओढायचा का ढकलायचा हे कळेना म्हणून बाहेरच थांबले होते, मी उठून उघडला. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरी, मला एक खरं सांग. गिऱ्हाइकाची तक्रार काय हाय? काय तरी असल्याबिगर एवढी मोटर उगच न्हाय थांबत. तू रोज ऐकतीस. लाजू नगंस, सांग."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं माणूस नव्हतं. पण तोंड उघडलं आणि आतून भलतंच बाहेर आलं. म्हटलं, "तक्रार अशी काही नाही, काका. जरा जड आहे म्हणतात."

काका मान हलवत बसले. "व्हय. जड हाय खरी," म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. इतकं सोपं कारण मला आधीच का सुचलं नाही, असंही वाटलं. जनाची नाही, निदान मनाची तरी असावी म्हणतात, ती त्या दिवशी माझ्याकडे नव्हती.

फेब्रुवारीत आम्ही थायलंडला गेलो. बोटीतून एका बेटाकडे चाललो होतो. सांगलीचे, साताऱ्याचे, सोलापूरचे असे डीलर होते. कुणीतरी घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सोडली होती आणि समुद्रात बसून सगळे ती ब्रेडला लावून खात होते. माझ्या शेजारच्या साताऱ्याच्या बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही कुणाला सोडलंत?" लग्नात आहेर काय आला असं विचारावं तसं. त्यांनी एका पाइपवाल्याला सोडलं होतं. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी सख्ख्या मावसभावाला सोडलं होतं. प्रत्येकाच्या गावात एक काका होताच. मी म्हटलं, आमचं असं कुणी नव्हतं. समुद्र छान होता, ते खोटं बोलणार नाही.

उन्हाळ्यात काका एक मोटर घेऊन आले. नवी, निळ्या रंगाची, सडपातळ. रिक्षातून त्यांनी एकट्यानं उचलून आणली आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवली. "बघ, उचलून बघ. निम्म्यानं हलकी केलीया." त्यासाठी चार महिने ते गावोगाव फिरले होते. जुन्या गिऱ्हाइकांच्या विहिरीवर, नदीवर जाऊन विचारलं होतं, जड वाटती का? आता मोटर जड वाटते का असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? सगळे म्हणाले, "रेडा हाय की ओ." ज्या शिव्यांत त्यांना इतकी वर्षं कौतुक ऐकू यायचं, त्यांत आता त्यांना तक्रार ऐकू यायला लागली होती. ते माझ्या एका वाक्यानं झालं.

मी मोटर उचलून बघितली. खरंच हलकी होती. म्हटलं, छान आहे. ठेवते मात्र म्हटलं नाही. काकांनी वाट बघितली, मग पुन्हा रिक्षा बोलावली. त्या निळ्या मोटरी त्यांनी स्वतःच फिरून ओळखीच्यांना दिल्या. चांगल्या नावावर तेवढं खपतं, एखादी खेप.

पावसाळा गेला. नवरात्राच्या आधी काका पुन्हा दारात, पुन्हा रिक्षा, पुन्हा निळी मोटर. या वेळी तिच्या अंगाला बोल्टापाशी तडा गेला होता. कोडोलीच्या एका पावण्यानं परत केली होती, आणि तसल्या आणखी सहा शेडमध्ये येऊन पडल्या होत्या. बीड पातळ केलं होतं, ते नदीवरच्या ओढाताणीला टिकलं नाही.

काका भांडायला आले नव्हते. ते मला विचारायला आले होते. "जड म्हटलीस, हलकी केली. हलकी केली तर फुटाय लागली. आता कसं करू? तूच सांग."

इतकी वर्षं गिऱ्हाइकं विचारतात तेच, तसंच माझ्या तोंडाकडे बघत. मला एकदम रडू आलं. एरवी मी दुकानात रडणारी बाई नव्हे. म्हटलं, "काका, तक्रार नव्हतीच. कुणाचीच नव्हती. लोक अजून हिरवी मोटर मागतात. मीच येत नाही म्हणून सांगते." आणि मग सगळं सांगितलं. काच, पाटी, एसी, सहल, सगळं एका दमात. सांगताना मनात उत्तरंही तयार ठेवली होती. सगळेच करतात, मी ती पाटी नसती घेतली तर शेजारच्या दुकानानं घेतली असती, वगैरे. काका शिव्या देतील, मग मी ती उत्तरं वापरीन, असा माझा हिशेब होता.

काका काचेकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "म्हंजे मोटर चांगली हुती?"

"हो काका."

"जुनी, हिरवी?"

"हो."

"काय सुदिक खोट नव्हती तिच्यात?"

"काही नव्हती."

आणि काका हसले. खोटं खोटं नव्हे, पोटातून हसले. वर्षभर ते त्या मोटरीत चूक शोधत होते, रात्रंदिवस. चूक नव्हतीच हे ऐकून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी केलेलं त्या क्षणी त्यांना दिसतच नव्हतं. "मला वाटलंच हुतं की गं," म्हणाले. "मी म्हटलं, माझं गणित कसं चुकंल?" त्यांनी चहा मागवायला लावला, दोन बिस्किटं खाल्ली.

मलाही धीर आला. म्हटलं, कंपनीची काच गेली खड्ड्यात. उद्याच त्यांना कळवते. तुम्ही जुनी मोटर पुन्हा ओता, मी पहिल्यासारखी ठेवते.

"कशावर ओतू?" काका म्हणाले.

मोटरीचं अंग ओतायचं तर आधी तसंच्या तसं लाकडाचं करावं लागतं, त्याला पॅटर्न म्हणतात. ते वाळूत दाबायचं आणि उठलेल्या पोकळीत बीड ओतायचं. जुन्या मोटरीचं पॅटर्न काकांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं सागवानात कोरलं होतं, केसाचाही फरक पडू न देता. मी म्हटलं, नवं कोरा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. ते थरथरत होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातांकडे कधी बघितलं नव्हतं.

"आणि जुनं कुठं गेलं?" मी विचारलं.

हसू अजून थोडं त्यांच्या तोंडावर होतं. "दोष त्याच्यातच हाय म्हटल्यावर ठिवून काय करू, पोरी? बंबात घातलं. वाळलेलं सागवान त्ये, आंघुळीचं पाणी झटक्यात तापलं."