नाव नसलेल्यांचे चौकोन

मावशीचा मुलगा औंढ्याहून भांडून गेला तो परत आला नाही. पोलिसात तक्रार झाली, नातेवाईक चार दिवस हळहळले आणि आपापल्या कामाला लागले. मी लोणावळ्यात बसून लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करतो, त्यामुळे माझ्या वाट्याला जे काम आलं ते सांगायलाही जीभ रेटत नाही: पोलिसांच्या वेबसाइटवरचं बेवारस मृतांचं पान रोज बघणं.

त्या पानावर प्रत्येक मृतदेहाचा एक चौकोन असायचा. फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा. पानाच्या आतल्या रचनेत अशा चौकोनांना नाव दिलेलं असतं. त्या नावाने हाक मारली की स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटासा प्रोग्राम, सगळे चौकोन गोळा करून आणते. चौकोनाला नाव होतं आणि आतल्या माणसाला नव्हतं, याचा मला फार राग यायचा. माझी स्क्रिप्ट रोज सकाळी खुणांची ओळ वाचायची आणि 'करंगळी' शोधायची. मावशीच्या मुलाच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं.

काही मिळालं नाही की मी मावशीला फोन करायचो. "न्हाई ना?" एवढंच ती विचारायची आणि गोठ्याकडे वळायची. तिचा दिवस त्या एका नकारावर निघायचा.

एका सकाळी सहज ते पान उघडलं, तर त्याचं रूपच पालटलेलं. चौकोनांची आतली नावंही बदललेली. माझी स्क्रिप्ट जुन्याच नावाने हाका मारत होती, ओ द्यायला कुणी नव्हतं, आणि ती निमूटपणे 'काही नाही' सांगत होती. किती दिवस, देव जाणे. मी मावशीला फोनवर खरं ते सांगितलं.

"ऱ्हाऊ दे की तसंच," ती म्हणाली. "नीट नको करू."

मला ते जमलं नाही. चुकीचं काही चालू आहे हे कळलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, स्वभावच मेला तसा. नवी नावं शोधली, स्क्रिप्ट बदलली, पुन्हा चालवली. एक चौकोन आला. उजवी करंगळी, वरचं पेर नाही. फोटोही बघितला.

मावशीचा नंबर काढला आणि फोन खिशात ठेवला. गाडी काढून औंढ्याला गेलो. ती अंगणात दुधाची किटली घासत होती. मला बघून तिचे हात थांबले.

"आज फोन का न्हाई केलास?" तिनं विचारलं.