निळ्या शाईची काट

लंडनमधल्या स्टॅनमोरचं घर आवरताना जुन्या फाइलमधून एक कार्ड पडलं. त्यावरची निळ्या शाईची काट बघितली आणि वीसेक वर्षांपूर्वीचं ते व्याख्यान आठवलं.

तेव्हा मी लंडनच्या एका कॉलेजात नुकतीच नोकरीला लागले होते. इराणचे एक तत्त्वज्ञ व्याख्यानाला आले होते. बऱ्याच वर्षांपासून ते लंडनमधल्या इराणच्या वकिलातीत सांस्कृतिक सल्लागार होते. त्यांची ओळख मी करून द्यायची होती. पाच मिनिटं उरली असताना त्यांनी माझ्या हातातलं कार्ड मागून घेतलं आणि त्यावरचं आपलं सरकारी पद खोडलं.

"फक्त शिक्षक म्हणा."

"पण सर, पहिल्या रांगेत तुमच्या वकिलातीतलेच लोक बसलेत."

"म्हणूनच," ते म्हणाले. पेनाला टोपण लावून त्यांनी कार्ड मला परत दिलं.

मी माइकपाशी गेले. पाठ केलेलं पद जिभेवर आलं होतं, ते गिळलं. "तत्त्वज्ञानाचे शिक्षक," एवढंच म्हणाले. पहिल्या रांगेतल्या एकाने लिहिणं थांबवून शेजाऱ्याकडे पाहिलं. टाळ्या जरा उशिराच सुरू झाल्या.

मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. एवढं मोठं पद कुणी खोडतं का? आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. दारावरच्या नावाच्या पाटीवर एम.ए. मी हौसेने लिहून घेतलं होतं. महिन्याभराने त्यांनी पद सोडल्याची बातमी आली, तेव्हा कळलं: तो राजीनामा त्यांनी त्या दिवशी माझ्या तोंडून दिला होता.

ती पाटी या घरालाही आहे. तिच्यावरचं एम.ए. खोडायची वेळ आली असती, तर माझ्या हातात पेन तरी टिकलं असतं का, कोण जाणे.