कडं राखून

पुण्याच्या स्टँडवर कोल्हापूरची एसटी लागली आणि पहिल्या पाच मिनिटांतच कंडक्टरशी माझं वाजलं. माझ्या पिशवीतून दोन करवतींची पाती बाहेर आली होती. ती टपावर टाका, असं त्याचं म्हणणं; टपावर आदळून दात वाकतील, असं माझं. शेवटी पाती वर्तमानपत्रात गुंडाळून पायांखाली घेतली आणि कराडपर्यंत पाय आखडून बसलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बागखात्यात माझी वीस वर्षं झाली होती. झाडांच्या छाटणीवर मी एक पुस्तिका लिहिली होती, ती छापून गावोगाव फुकट वाटली गेली होती, आणि तिच्या जोरावर मला जिथे तिथे तज्ज्ञ म्हणून बोलावत. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कोल्हापूरचं बोलावणं जरा निराळं होतं. तिथल्या एका कार्यालयाने ठरवलं होतं की यापुढे रस्त्यावरची आणि शाळांमधली झाडं छाटायचं काम परवाना असलेल्या माणसालाच द्यायचं. तोवर ज्याच्या हाती कोयता तो झाडतज्ज्ञ, असा कारभार होता. तीन दिवसांचा वर्ग, त्यातच परीक्षा, पास झाला त्याला फोटोचं कार्ड. दर दोन वर्षांनी पुन्हा एक दिवस शिकायला यायचं, तरच कार्ड पुढे चालू. शेवटच्या संध्याकाळी नागरिकांसाठी भाषण. कल्पना मला फार पटली. शिकवणारा मीच असल्यामुळे जास्तच पटली असावी.

स्टँडवर उद्यान अधिकारी पाटील जीप घेऊन उभे होते. गडी दणकट, आवाज त्याहून दणकट. त्यांनी माझी बॅग ओढून घेतली आणि थेट मिसळीच्या दुकानात नेलं. कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) मी जपूनच मागितला, पण वाढणाऱ्याने "पावणं, घ्या की" म्हणत पळीभर ओतला. डोळ्यांतून पाणी आलं. पाटील शेजारी शांतपणे तिसरा पाव मोडत होते आणि परवान्यासाठी कशी झुंबड उडाली ते सांगत होते. मी नुसती मान हलवत होतो, कारण जीभ जागेवर नव्हती.

वर्ग एका शाळेच्या सभागृहात भरला. तीसेक माणसं होती. बहुतेक जण हंगामात ऊसतोड करणारे आणि एरवी झाडांची कामं घेणारे, तीन-चार राधानगरीकडचे. पहिल्या दिवशी मी दोर कसा बांधायचा, विजेची तार किती लांब ठेवायची, पक्ष्यांची घरटी कधी सोडून द्यायची हे सांगितलं. मग छाटणी. माझी पद्धत पुस्तिकेत होती तीच: फांदी खोडालगत, सपाट कापायची, हात फिरवला तर उंचवटा लागता कामा नये, वर डांबराचा जाड हात द्यायचा. हे त्यांना एका दमात समजलं. ऊस तोडताना बुडखा जितका जमिनीसरशी तुटेल तितकं चांगलं, कारण साखर बुडाशी. खुंट ठेवणाऱ्याला मुकादम शिव्या घालतो. तोच हात त्यांनी झाडावर चालवला. इतके शहाणे विद्यार्थी मला कधी मिळाले नव्हते, असं मी पाटलांना म्हणालोसुद्धा.

एकच माणूस तसं करत नव्हता. दत्तू कांबळे, कोडोलीचा. चाळिशीचा, बारीक, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. झाडावर असा चढायचा की खालून बघणाऱ्याला ते सोपं वाटावं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारातल्या शिरीषावर प्रात्यक्षिक परीक्षा झाली. दत्तूने आधी फांदीला खालून खाच दिली, मग वरून कापून ती दोरावर अलगद उतरवली. सालीची चीरसुद्धा निघाली नाही. पण शेवटचा काप त्याने खोडालगत न घेता बोटभर बाहेर घेतला. फांदी खोडातून निघते तिथे सालीची एक जाड वळी असते, ती तशीच राखली. डांबराच्या डब्याला हात लावला नाही.

मी फुली मारली. तो खाली उतरला आणि म्हणाला, "सर, त्ये कडं हाय. कडं तोडायचं नसतंय." तो पुढेही काही सांगणार होता, पण अजून नऊ जण रांगेत होते. मी घड्याळ बघितलं आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी यादी लागली. सव्वीस पास. दत्तू नापासांत. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गावातल्या आणि आसपासच्या शाळांची झाडं आठ वर्षं तोच छाटत होता. आता कार्डाशिवाय ती कामं जाणार होती आणि घरात दुसरं कमावणारं माणूस नव्हतं. हे त्याने हात न जोडता, तक्रारीच्या सुरात न सांगता, नुसतं सांगितलं. मग म्हणाला, "कोडोलीला येऊन माझी झाडं बघा, मग फुली मारा." मला रागच आला. परीक्षा म्हणजे काय बाजार आहे, घासाघीस करायला? मी तसं बोललोही. तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. पाटलांचे एक नातेवाईक कोडोलीला होते, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचं गुऱ्हाळ चालू होतं आणि आमराई होती. गरम गूळ खाऊन दुपारपर्यंत परत येऊ, असं पाटलांनी ठरवलं. दत्तूचं गाव तेच, हे माझ्या लक्षात होतं, पण मी विषय काढला नाही.

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे जीप अर्धा तास अडकली. दोन्ही बाजूंना तोड चालली होती. तोडलेल्या फडात बुडखे इतके जमिनीसरशी होते की लांबून रान सारवल्यासारखं दिसत होतं. पलीकडे पन्हाळ्याचा डोंगर धुरकट. गुऱ्हाळावर काहील (रस आटवायची मोठी कढई) उतरवायची वेळ झाली होती. आबांनी लाकडी उलथन्यावर काकवी आणून दिली. मी घाईने बोट घातलं आणि भाजून घेतलं. तज्ज्ञ माणसाचं बोट मग तासभर पाण्याच्या लोट्यात होतं.

आमराईत फिरताना मी सवयीने खोडं बघत होतो. बांधाकडच्या झाडांवर जुने काप होते, आठ-नऊ वर्षांचे. प्रत्येक कापाभोवती साल गोल भरत येऊन मध्ये मिटली होती. काही ठिकाणी तर फांदी कुठे होती हे शोधावं लागत होतं. विहिरीकडच्या झाडांवर मात्र काळे, चकचकीत, सपाट काप. डांबराचा पापुद्रा फुटला होता. मी खिशातला चाकू काढून एका कापात घातला. पातं मुठीपर्यंत आत गेलं. आत भुसा, मुंग्या आणि ओल. दुसऱ्या झाडावर तेच. तिसऱ्यावर तेच.

आबांना विचारलं, हे कुणाचं काम? ते म्हणाले, बांधाकडची सगळी दत्तूनं केलेली. विहिरीकडची त्याच्या हातची नव्हेत. त्या साली एक पुस्तक वाटलं होतं, त्यात बघून त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली. एवढं सांगून ते घरात गेले आणि पुस्तक घेऊनच आले. हिरवं मुखपृष्ठ, मागे माझा फोटो. आबांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "तुमीच की हे. क्यास तेवढं गेलं."

पाटील दुसरीकडे बघायला लागले. मला त्या क्षणी जमीन फाटली असती तर बरं झालं असतं.

दत्तूचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर, बौद्धवाड्यात. मी एकटाच गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचा भाऊ वसंत दोर वळत बसला होता. एक पाय लुळा. दत्तूने चहा सांगितला. मी विचारलं, डांबर का लावत नाहीस? त्याने वसंताकडे बोट केलं. वसंत एका चिंचेवर चढला होता. जुना काप दिसायला घट्ट, वर डांबर, म्हणून त्या कापाशेजारच्या बेचक्यात दोर अडकवला. आतून सगळं कुजलं होतं; बेचकं मोडलं आणि तो खाली आला. "डांबराखाली काय हाय ते दिसत न्हाय, सर," दत्तू म्हणाला. "तुमी झाड खालनं बघतासा. आमाला परत त्याच झाडावर चढायचं असतंय." कडं राखलं तर झाड स्वतःच जखम बुजवतं, हे त्याने त्यानंतर दरवर्षी त्याच त्या झाडांवर चढून पाहिलं होतं. माझी वीस वर्षांची नोकरी, पण छाटलेल्या झाडाकडे मी दुसऱ्यांदा क्वचितच गेलो होतो. छाटणी झाली, की माझी पुढच्या गावाला बदली.

परतताना मी पाटलांना म्हणालो की यादी बदलायची. ते हबकले. सव्वीस कार्डं छापून, माझी सही होऊन तयार होती. "पुस्तकात तर तुमच्यागतच हाय की सर," ते म्हणाले. मी म्हणालो, पुस्तक माझंच आहे, आणि ते चूक आहे. पाटलांनी आधी पुढची उसाची ट्रॉली ओलांडली. मग म्हणाले, "वाटल्याली पुस्तकं कोण गोळा करणार?"

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. नागरिकही आले होते. मी आमराईत काय पाहिलं ते सांगितलं, पुस्तिका वर धरून सांगितलं. कार्डं आज मिळणार नाहीत, उद्या सकाळी सगळ्यांची परीक्षा पुन्हा, आणि आधी दत्तू कांबळे करून दाखवतील, असं म्हटल्यावर गलका झाला. एक दिवसाची तोड बुडणार होती, लोक चिडले ते बरोबरच होतं. एकाने तर मला तोंडावर विचारलं की पुण्याची माणसं आधी शिकून येत नाहीत काय. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी मात्र वही काढून कडं म्हणजे काय ते लिहून घेतलं. त्यांच्या दारात आंबा होता.

सकाळी दत्तूने तीन फांद्या कापून दाखवल्या आणि प्रत्येकाला कड्यावर हात फिरवायला लावला. उसाचा हात सुटायला दुपार झाली. तेवीस जण पास झाले. पहिलं कार्ड दत्तूला दिलं. त्याने फोटो नीट आलाय का ते बघितलं आणि कार्ड खिशात टाकलं.

स्टँडवर तो मला सोडायला आला, आबांनी दिलेली गुळाची ढेप घेऊन. गाडी लागायला वेळ होता. मी म्हणालो, दत्तू, माझी चूक झाली, तुमचं नुकसान होता होता वाचलं. पहिल्यांदाच मी त्याला अहोजाहो केलं, ते माझं मलाच ऐकू आलं.

तो म्हणाला, "चारचौघांत चूक म्हणालासा, ते बरं केलासा. पर मी त्या दिशीच सांगत हुतो की. तुमी घड्याळ बघितलासा."

मी घाईचं, नऊ जणांच्या रांगेचं कारण सांगितलं. तो "व्हय की" म्हणाला आणि ढेप खिडकीतून आत दिली.

गाडी सुटली. करवती पुन्हा पायांखाली होत्या. रांग होती हे खरंच. पण त्याच रांगेत दत्तूच्या आधी, शेतकी पदवीधर म्हणून ओळख करून दिलेल्या एका मुलाने दोराची गाठ चुकवली, तेव्हा मी पाच मिनिटं थांबून त्याला विचारलं होतं की अशी का बांधलीस, काही विचार आहे का यामागे. दत्तूला नाही विचारलं. गाठ आठवली तेव्हा गाडी साताऱ्याच्या पुढे गेली होती. दत्तू त्या रांगेत माझ्यासमोरच उभा होता, त्याला ते तेव्हाच दिसलं असणार.