टर्नरने स्वतःसाठी घडवलेला दागिना: पुणे, भिगवण, निमगाव, बारामती

शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला. दोन दिवस काहीही करायचं नाही, असा माझा पक्का बेत होता.

"नितीनदादा का? मी शोभा, हणमंतरावांची मिसेस. निमगाव केतकीवरनं बोलतीय. तुमी ह्यांना टोचलं हुतं बघा." पुढे म्हणाल्या, "दोन दिस ताप हाय. दवाखान्यात चला म्हणलं तर भिताडाकडं तोंड करून झोपत्यात. तुमचं तरी ऐकत्याल."

आता माझा धंदा सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. रविवारी भटकून मी इथे लिहितो, पण पोट भरतं ते पिअर्सिंगवर. घराणं सोनाराचं. वडिलांनी हयातभर तान्ह्या पोरांचे कान टोचले. मी मोठ्या माणसांच्या भुवया, ओठ, बेंब्या टोचतो, आणि हो, पुरुषांचं जननेंद्रियही टोचतो. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, किंवा थेट भिगवणच्या माशांपाशी उतरा. बाकीच्यांनी बसा गाडीत.

हणमंतराव (नाव बदललंय) आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले होते. चाळिशीचे, अंगानं काटक, नखांत ग्रीस. निमगावच्या अलीकडे त्यांचं स्वतःचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बुश, असली कामं. मी सगळ्यांना विचारतो तसं त्यांनाही विचारलं, कशासाठी करताय? तर म्हणाले, "कान टोचलं तवा मला कुणी इचारलं न्हाय. जत्रंत हातावर गोंदलं, तवाबी न्हाय. हे मी माझ्या मनानं करतोय. बायकोला इचारलंय, ती हसली, पण हो म्हणली." मला माणूस आवडला. शिश्नाच्या खालच्या बाजूला जी सैल कातडी असते तिथून आडवी टायटॅनियमची दांडी घातली, दोन टोकांना दोन गोळ्या. या जागचं पिअर्सिंग त्यातल्या त्यात सोपं, दोन-तीन महिन्यांत भरून येतं. सांगून ठेवलं होतं की हळद, तेल, स्पिरिट काही लावायचं नाही, नुसतं सलाईननं धुवायचं, आणि दांडी बदलायची तर माझ्याकडे यायचं. त्यांनी मान डोलावली होती.

आठ वाजता निघालो. सोलापूर रस्ता लोणी सुटेपर्यंत जीव खातो, यवतनंतर गाडी पळायला लागते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघून निघा. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. उसाचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून मधोमध चालतात आणि मागचं त्यांना काही ऐकू येत नाही. हॉर्न वाजवून घसा कोरडा करू नका, सरळ रस्ता येईपर्यंत मागे राहा.

भिगवणला दहाच्या आत पोचलो. उजनीच्या फुगवट्याच्या कडेनं रोहित पक्षी बघायला कॅमेरेवाली मंडळी जमली होती. मला घाई होती, पण रिकाम्या पोटी मी कुणाला शहाणपण शिकवू शकत नाही. हॉटेलवाल्याला विचारलं, "एवढ्या सकाळी मिळेल का हो काही?" तो म्हणाला, "बसा तर खरं. चिलापी आत्ताच आलीया, अजून उड्या मारतीय." तव्यावरची चिलापी, ज्वारीची भाकरी, तांबडा रस्सा. दोनशेच्या आत काम झालं. काटे मोठे असतात, लहान मुलांनाही देता येते.

ताट येईपर्यंत मी एकच विचार करत होतो. लोक मला विचारतात, हे असलं फॅड कुठून आलं? मी सांगतो, फॅड नाही बाबांनो, हे फार जुनं आहे. रोमन लोक गायकांच्या, गुलामांच्या पुढच्या कातडीत कडी अडकवायचे, त्यांनी संयम पाळावा म्हणून. तिकडे बोर्निओत पुरुष आडवी दांडी घालायचे ती बायकोच्या सुखासाठी. म्हणजे एकानं बंद करायला टोचलं आणि दुसऱ्यानं खुलवायला. आपल्या जुन्या कामशास्त्रातही लिहून ठेवलंय की दक्षिणेकडचे लोक पोरांचे कान टोचतात तसं हेही टोचतात. इंग्लंडच्या एका राणीच्या नवऱ्यानंही हे टोचून घेतलं होतं असं सांगतात, ती मात्र बहुतेक थाप आहे. सगळ्या काळात, सगळीकडे हे जखमेचंच काम होतं, आणि जखम चिघळून किती जण गेले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

भिगवणवरून इंदापूर, तिथून आत वळून निमगावचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच डाळिंबाची बाग, पानमळे. बाजाराचा दिवस नव्हता त्यामुळे गावाबाहेरच वर्कशॉप पटकन सापडलं. शोभावहिनी दारातच उभ्या होत्या. पाण्याचा तांब्या हातात देत म्हणाल्या, "आत हायत. माझ्यावर चिडल्यात, तुमाला फोन का केला म्हणून."

लेथच्या मागे बाजेवर हणमंतराव पडले होते. डोळे लाल, अंग तापलेलं. "दादा, तुमी कशाला एवढ्या लांब आला?" म्हणाले, आणि मग गोधडी बाजूला केली. मी बघितलं आणि माझा तोलच सुटला.

"हणमंतराव, ही माझी दांडी नाही! कुठून आणली?"

"आणली न्हाय. घडवली." तापातसुद्धा चेहऱ्यावर किंचित अभिमान होता. "तुमची बारीक वाटत हुती. स्टेनलेस स्टीलचा रॉड पडला हुता, म्हणलं आपणच करावं. पॉलिश बघा की, तोंड दिसतंय. मापात पॉइंट एकचा फरक न्हाय."

अहो, त्या मापानंच घात केला होता! टर्नर माणूस, व्हर्नियर लावून कातडीची जाडी मोजली आणि शाफ्टला बुश बसवतात तशी दांडी तंतोतंत बसवली. यंत्रात तसंच हवं. पण अंग सुजतं, तिथे जागा सोडावी लागते. शिवाय पंपाच्या शाफ्टचं स्टील अंगात राहायला बनवलेलं नसतं. आणि आटे बाहेरून पाडलेले. दांडी आत सरकवताना ते करवतीसारखे आतून घासत गेले असणार. माझ्याकडच्या दांडीला आटे आतून असतात ते याच कारणासाठी. आता सूज चढून एक गोळी अर्धी कातडीत रुतली होती, कडेनं पू, आणि लाली वर पोटाकडे सरकत होती.

"निघत न्हाय," ते म्हणाले. "तुमी काढा. पक्कड हाय, पाना हाय, सगळं हाय हितं."

"मी डॉक्टर नाही. पू झालाय, ताप आहे. हे डॉक्टरनंच काढायचं."

"मग र्‍हाऊ दे."

तासभर डोकं फोडलं. मी रागावलो, समजावलं, लाली वर चढली तर काय होतं ते न लपवता सांगितलं. अवयव वाचेल की नाही इथपासून जीव वाचेल की नाही इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते, असंही म्हणालो.  शेवटी हणमंतराव म्हणाले, "दादा, पंचक्रोशीत माझ्या मशीनवर काम आलं न्हाय असं घर न्हाय. कुठल्याबी दवाखान्यात जावा, कुणीतरी वळखीचं निघणारच. उद्या पोरं हसत्याल. आमच्या वडलांना कळलं तर ते जेवायचं सोडत्याल."

तेव्हा शोभावहिनी बोलल्या. आवाज चढला नव्हता. "हसू द्यात. मी बी हसलेच की पयल्यांदा. पण तुमी ऱ्हायला न्हाय तर मी कुणाबरं हसू?"

हणमंतराव उठून बसले. एकच अट घातली. बोलायचं ते मी बोलायचं, ते तोंडातून शब्द काढणार नाहीत.

निघायच्या आधी वहिनींनी मला पिठलं-भाकरी खायला लावली. अशा वेळीही पाहुणा उपाशी जाऊ द्यायचा नाही, हे त्या घरात ठरलेलं होतं. मग आम्ही तिघं बारामतीला निघालो. लासुर्णे, भवानीनगर करत तासाभराचा रस्ता, एरवी मला फार आवडतो. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकाला मागून दातांखाली दाबलेला आवाज यायचा आणि मी गाडी आणखी हळू घ्यायचो.

बारामतीत मूत्रविकाराच्या एका डॉक्टरांकडे नेलं. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. मी सगळं सांगितलं, त्यांनी ना भुवई उंचावली ना उपदेश केला. "वेळेवर आणलंत," एवढंच म्हणाले, "आत घ्या."

ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर तयारी करत होत्या. त्यांना बघितल्याबरोबर हणमंतरावांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला आणि माझा हात घट्ट दाबला. मी समजलो, ओळखीच्या असणार. ते आडवे झाले, टॉवेल तोंडावरून हलला नाही.

जागा बधिर करून डॉक्टरांनी चिमट्यानं दांडी धरली. कापायचं अवजार आत शिरेना, सूज फार होती. "गोळी फिरवून निघेल का?" त्यांनी मला विचारलं. दागिन्यातलं मला कळतं म्हणून त्यांनी मला आत थांबू दिलं होतं. मी ठामपणे म्हणालो, "निघेल सर. घड्याळाच्या उलट फिरवा." त्यांनी फिरवली. हलेना. पुन्हा. पुन्हा हलेना. तिसऱ्यांदा त्यांचा हात सटकला आणि रक्त आलं.

डॉक्टरांनी हात खाली घेतले. "नाही निघत. पूर्ण भूल देऊन कातडी चिरून मोकळी करावी लागेल. थोडी जास्तच चिरावी लागेल. तापात भूल म्हणजे जोखीम, पण इलाज नाही. सिस्टर, भूलतज्ज्ञांना फोन लावा."

मी टॉवेलकडे बघितलं. टॉवेल श्वासानं वरखाली होत होता. सिस्टर फोनकडे वळल्या.

"सायेब." टॉवेलखालून आवाज आला. "सायेब, उलटं फिरवताय. आवळतंय ते. डावं आटं हायत."

 डॉक्टर म्हणाले, "काय?"

हणमंतरावांनी टॉवेल स्वतःच काढला. घामानं डबडबलेलं तोंड. "चालताना पँट घासती, त्यानं सरळ आटं सैल व्हत्यात. म्हणून डावं पाडलं मीच. दोन दिस हात लावू वाटत न्हवता, न्हायतर मीच सोडवलं असतं. सरळ फिरवा, घड्याळासारखं."

 त्या माणसानं मला चुकीचं सांगताना ऐकलं होतं, डॉक्टर आणखी आवळतायत हे त्याला पहिल्या फेरीपासून कळत होतं, आणि ओळखू येईल म्हणून तो गप्प पडून होता.

डॉक्टरांनी सरळ फिरवलं. पाऊण फेऱ्यात गोळी सुटली. दांडी ट्रेमध्ये वाजली, मागोमाग पू आला, आणि डॉक्टर म्हणाले, "झालं. आता धुतो आणि मोकळंच ठेवतो."

सिस्टर कापूस बदलत म्हणाल्या, "हणमंतभाऊ, जरा सैल सोडा पाय." हणमंतरावांचा चेहरा उतरला. "वळखलं व्हय मला?" "अवो, केसपेपरवर नाव हाय की. आणि हितं दिवसाला कायकाय येतं, ते घरी सांगाया बसले तर स्वयंपाक कवा करू?" बाहेर आल्यावर मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि मग बाकावर बसून रडल्या.

हणमंतरावांना दोन रात्री ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस काढले असते तर हे एवढ्यावर भागलं नसतं. अंधार पडायच्या आत पाटसमार्गे पुण्याला निघालो. वाटेत चौफुल्याला चहा घेतला, गोड होता.

घरी येऊन अंघोळ केली आणि संगणक उघडला. माझ्या स्टुडिओच्या पानावर पहिलीच ओळ आहे, किंवा होती: 'शंभर टक्के गुप्तता. कुणालाही कळणार नाही.' इतकी वर्षं मला त्या ओळीचा अभिमान होता. मागचं दार, जाड पडदे, पावतीवर नाव नाही. मीच हणमंतरावांना शिकवलं होतं की हे लपवायचं असतं, आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले शिकले. हळद-तेलाबद्दल पंधरा मिनिटं बोललो होतो, काही बिघडलं तर डॉक्टरसमोर तोंड कसं उघडायचं याबद्दल एक वाक्यही नाही. मला स्वतःची लाज वाटली. ओळ खोडली आणि लिहिलं, 'काही दुखलंखुपलं तर आधी डॉक्टरकडे जा आणि सगळं सांगा. लाज वाटली तर मला फोन करा, मी बरोबर येतो.'

बारा दिवसांनी हणमंतरावांचा फोन आला. मागे लेथ चालू होतं.

"दादा, ते परत कवा करता येईल?"

मी कपाळावर हात मारला. "हणमंतराव, अहो, आधी डॉक्टरांना तरी विचारा!"

"इचारलं की. काल ड्रेसिंगला एकलाच गेलतो. चार मानसं बसली हुती, तरीबी इचारलं."

"मग? काय म्हणाले?"

"सहा महिने थांबा म्हणले. आन् दांडी इकत घ्या म्हणले, घडवू नका."