अर्धी राहिलेली मिशी

वस्तादांची कात्री आणि जीभ एकदमच चालायची, आणि दोन्हींना धार होती. त्यांच्या सलूनमध्ये लोक दाढीपेक्षा गोष्टीला यायचे. ज्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता असेही रांगेत बसायचे. त्यामुळे चूक झाली ती वस्तादांच्या लक्षात आली नाही, यात नवल नव्हतं. नवल हे की ती हेडमास्तरांच्याही लक्षात आली नाही, आणि मिशी त्यांची होती.

निवृत्त हेडमास्तर मिशी उतरवायला बसले होते. वस्ताद कपाटात अडकलेल्या पाहुण्याची गोष्ट सांगत होते. डावी बाजू उतरली, पाहुणा कपाटात शिंकला, आणि फोन वाजला. फोन ठेवून वस्ताद परत आले, अंगावरचं कापड झटकलं आणि म्हणाले, "झालं." समोर भिंतभर आरसा असूनही हेडमास्तर पाहुण्याच्या काळजीत उठले आणि घरी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं.

तपासायला मात्र एकट्या वस्तादांनाच नेलं.

"वेड लागलंय असं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "वयाच्या मानाने थोडं जास्त विसरताहेत, आणि लक्ष एका जागी टिकत नाही. याला गोळी नाही, सराव आहे. सगळं पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही. आहे त्यात नीट कसं चालवायचं, ते इथे शिकवतील."

वस्तादांच्या मुलाने त्याआधीच वस्तरा खणात घालून कुलूप लावलं होतं. सगळ्या वस्तीने ज्यांच्या हाती विश्वासाने गळे दिले, ते आता टॉवेलच्या घड्या घालू लागले.

वस्तादांची बायको म्हणाली, "इतकी वर्षं मी बोलत होते तेव्हा तुमचं लक्ष नसायचं. तेव्हा नाही कुणाला डॉक्टर सुचला."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत शिकवायला एक तरुण ताई होत्या. त्यांनी आकृत्यांनी भरलेला कागद पुढे केला. त्यातले फक्त त्रिकोण खोडायचे. मग टेपवर आकडे ऐकायचे आणि पाच आला की टेबलावर टिचकी मारायची. वस्तादांनी टिचक्या बरोबर मारल्या, पण मध्येच ताईंच्या माहेरची चौकशी केली आणि पुढचे पाच निसटले.

"काका, एका वेळी एकच."

"ताई, मी जन्मभर दोन कामं एकदम केली. लोक त्याचंच कौतुक करायचे."

"आधी एकावर या. दोनाचं मग बघू."

ताईंनी सवयी लावल्या. काम सुरू करण्याआधी थांबायचं, रेडिओ बंद करायचा, आणि हात जे करतोय ते तोंडाने म्हणायचं. वस्ताद घरीही म्हणू लागले, "आता साखर घातली. आता ढवळतोय. आता कप उचलतोय."

"आता गप्प बसतोय, हेही एकदा म्हणा," बायको म्हणाली.

तोंडाला काम मिळाल्यामुळे असेल, पण कागदावरचे त्रिकोण हळूहळू निसटेनासे झाले. तेव्हा वस्तादांनी मुलाकडे किल्ली मागितली.

"पहिली दाढी माझी," मुलगा म्हणाला. "मिशी कोरायची, उतरवायची नाही. ती बरोबर जमली तर वस्तरा तुमचा. नाही तर बाबा, पुन्हा विषय काढायचा नाही."

मुलगा खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तिचे दांडे धरले. रेडिओ बंद झाला. बाकावर रांग होती, त्यात हेडमास्तरही होते. मिशी पुन्हा पुरी उगवलेली.

"आता फेस," वस्ताद म्हणाले. "आता डावा गाल. आता हनुवटी."

हेडमास्तरांना राहवेना. "वस्ताद, त्या पाहुण्याचं पुढे काय झालं हो?"

वस्तादांचा हात थांबला. पाहुणा जिभेच्या अगदी टोकावर आला होता. मुलाने डोळे मिटले.

वस्तादांनी वस्तरा गालापासून दूर घेतला. "मास्तर, तो अजून कपाटातच आहे. राहू दे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आता उजवा गाल."

फोन वाजला. वाजून थांबला. "आता मिशी. डावी बाजू. आता उजवी."

मुलाने आरशात तोंड वळवून वळवून पाहिलं. मग उठला, खिशातून किल्ली काढली आणि बापाच्या हातावर ठेवली. त्या सलूनमधली सगळ्यात चांगली दाढी झाली होती, आणि सगळ्यात कंटाळवाणी.

हेडमास्तर खुर्चीत येऊन बसले. वस्तादांनी त्यांच्या अंगावर कापड टाकलं, वस्तरा उचलला आणि थांबले.

"मास्तर, आता माझ्याकडे एका वेळी एकच मिळतं. दाढी की गोष्ट?"

हेडमास्तरांनी गालावरून हात फिरवला. गाल चांगलाच खरखरीत होता.

"गोष्ट," ते म्हणाले.

इतक्या खटपटीने मिळवलेला वस्तरा वस्तादांनी मिटून ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. रांगेतले लोक बाक पुढे ओढू लागले.

"कुठवर आलो होतो आपण?"

"पाहुणा शिंकला," हेडमास्तर म्हणाले, आणि नकळत त्यांचा हात मिशीच्या उजव्या बाजूवर गेला.