नऊ बाया मावणारा कॅमेरा

कोणाच्या घरी फोटो काढायला जायचं असलं की मी आदल्या दिवशी तिथे एक चक्कर मारून येते. चहा नको म्हणते, मग घेते, आणि घेताघेता खोलीतला कोपरा शोधते. पाठ कोपऱ्यात टेकवायची, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि समोरच्या भिंतीशी मनातल्या मनात बाया बसवायच्या. कुठल्या खोलीत सहा मावतात, कुठल्या खोलीत सात. माझं मोजमाप एवढंच आहे.

आमचा फोटोचा धंदा आहे. आमचे हे हॉलमध्ये स्टेजवरचे फोटो काढतात, मी घरातले. हळद, ओटीभरण, बारसं. जिथे सगळ्या बायाच असतात आणि पुरुष फोटोवाला आत आला की सगळ्या गप्प होऊन पदर सावरतात, तिथे मला बोलावतात. कॅमेरा मला यांनीच शिकवला. पण हॉलमध्ये मागे सरकायला जागा असते. माझ्या वाट्याला दहा बाय दहाच्या खोल्या येतात, त्यात पुन्हा दिवाण, कपाट, शिलाई मशीन. आणखी मागे जायचं म्हटलं तर भिंतीतून जावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका मुलीची हळद होती. तिची आई ती लहान असतानाच गेली, तिला आत्याने वाढवलं. आत्याला नवरा नाही, त्यामुळे हळदीला, ओटीला ती पुढे येत नाही. तिला कोणी अडवत नाही, तीच येत नाही. दाराच्या चौकटीपाशी बसते आणि तिथूनच हे आणा, ते आणा करत सगळं पार पाडते. त्या खोलीत माझ्या कॅमेऱ्यात सहा बाया मावल्या. आत्या नववी होती.

अल्बम आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. आत्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. मग मला जवळ बोलावलं.

"मी कुठं आहो वं याच्यात?"

रागाने नाही, खरंच सापडत नव्हतं म्हणून विचारलं. मी एका फोटोच्या कडेला तिचं कोपर दाखवलं. आत्या ते निरखून पाहत राहिली आणि हसून म्हणाली, "हो, कोपर माह्यंच आहे."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी तिला सांगितलं की पोरीच्या ओटीभरणाला तुम्ही पूर्ण याल, माझ्या जबाबदारीवर. एरवी मी असा शब्द कोणाला देत नाही.

मोबाइलमध्ये सगळे बसतात, हे मलाही माहीत आहे. पण कडेचं माणूस रबरासारखं ताणलं जातं आणि घरातल्या उजेडात चेहरा पुसट येतो. तसा फोटो अल्बमला लावून मी आत्याच्या हातात देणार नाही.

मला काय पाहिजे होतं ते मी आधीच पाहिलेलं होतं. एका घरी उमरेडहून मुलाकडचा फोटोवाला आला होता. अंगणात बसल्या बसल्या त्याने आपली आखूड, फुगीर लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली. कॅमेरा एकाच कंपनीचा, त्यामुळे चपखल बसली. मी आत जाऊन कोपऱ्यात उभी राहिले आणि डोळा लावला, तर या टोकाचा पाण्याचा माठ आणि त्या टोकाच्या चपला, दोन्ही दिसत होते. लेन्सवर दहा आणि वीस असे आकडे होते. माझ्या लेन्सवर अठरा आणि पंचावन्न आहेत. आकडा लहान तितकी खोली मोठी, एवढं मला त्या दिवशी कळलं. त्याचा नंबर मी कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवला.

या वर्षी माझा कॅमेरा अडकायला लागला. बटन दाबलं की कधी आवाजच यायचा नाही. नवीन घ्यायचं ठरलं, आणि तिथून घरात एकच विषय सुरू झाला. माझे दीर व्हिडिओ पाहून पाहून कॅमेऱ्यातलं सगळं जाणतात. त्यांचं म्हणणं, आता क्रॉप, म्हणजे माझ्या जुन्यासारखा लहान पट्टीचा कॅमेरा, घेणं मूर्खपणा, घ्यायचा तर फुल फ्रेम. फोटो उमटतो ती आतली पट्टी मोठी असते, अंधारातही फोटो चांगला येतो, गिऱ्हाईक नाव ऐकूनच मान देतं. यांनाही ते पटत होतं, कारण हॉलमधल्या अंधाराने ते वैतागलेले. आणि दीर म्हणायचे, वहिनीलाही सोयीचा, त्यात जास्त माणसं येतात. दोन भाऊ जेवताना वाद घालायचे, तेही एकाच बाजूने. मी पोळ्या वाढायचे. कॅमेरा माझ्यासाठी येणार होता, पण मला कोणी विचारलं नाही. मीही मध्ये तोंड घातलं नाही. तो दोष माझा.

सीताबर्डीला दुकानात तिघं गेलो. दुकानदाराने मला खुर्ची दिली आणि या दोघांना कॅमेरा. त्याने आपल्याच दुकानातली एक जाडजूड लेन्स लावली आणि दारातून बाहेर रस्ता दाखवला. रस्ता दिसणारच. रस्ता कोणत्याही कॅमेऱ्यात दिसतो. मला ती काचेची कपाटं होती त्या कोपऱ्यात पाठ टेकवून पाहायचं होतं. मी उठले आणि म्हटलं, ती दहा-वीसची... पुढचं तोंडातच राहिलं. दुकानदार म्हणाला, "मॅडमसाठी हलका दाखवू का?" आणि लाल रंगाचा, खेळण्यासारखा एक कॅमेरा काढून समोर ठेवला. दीर हसले, हेही हसले. मी पुन्हा खुर्चीवर बसले.

मग त्याने विचारलं, लेन्स कोणती देऊ. दीर म्हणाले, "लेन्स घरी आहे. बसते याले." सगळं बजेट नुसत्या कॅमेऱ्यातच संपलेलं होतं.

घरी आल्यावर मी आधी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजला पाठ लावली की जुन्या कॅमेऱ्यातून चाळणीच्या खिळ्यापासून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत दिसतं. नव्याला जुनी अठरा-पंचावन्न लावून पाहिलं, तर चारही कोपरे काळे. दीरांनी हातातून घेतला, आत काहीतरी बदललं आणि विजयाने परत दिला. काळं गेलं होतं. पुन्हा पाहिलं. चाळणीच्या खिळ्यापासून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत. एक बोटही जास्त नाही.

त्या दिवशी पोळ्या करताना मला ते समजलं. लहान तव्याच्या मापाची पोळी मोठ्या तव्यावर टाकली तर तवा मोठा झाला म्हणून पोळी मोठी होत नाही. कडेला नुसता काळा तवा दिसतो. कॅमेरा हा तवा, लेन्स ही पोळी, आणि पोळी आम्ही जुनीच ठेवली. मोठा तवा घेतला तर मोठी पोळी घ्यायला हवी होती, नाहीतर लहान तव्यालाच ती आखूड, फुगीर लेन्स पुरली असती. हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले की आधी वापरून तर पाहा, लगेच नाव ठेवू नको.

पोरीला सातवा लागला, ओटीभरण आलं. तीच खोली, तेच कपाट, माझी पाठ त्याच कोपऱ्यात. नवा कॅमेरा जड, दोन्ही हातांनी धरावा लागत होता. पोरीला मध्ये बसवलं होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने. आणि आत्या चौकटीपाशी बसली होती. या वेळी ती कोणालाच काही आणायला सांगत नव्हती. तेल लावून केस नीट बांधले होते, साडीची घडी मोडलेली कळत होती. ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. सहा.

तिरकी झाले, दिवाणावर चढले, कोणाची तरी उशी पायाखाली आली. सहा, फार तर साडेसहा. शेवटी मी तिला विनवलं, आत्या, दोन मिनिटं पोरीजवळ या. बाकीच्या बायाही म्हणाल्या, या ना. पोरीने हात पुढे केला. आत्या जागची हलली नाही.

"आज नाही वं," ती म्हणाली. "काहून त्या कॅमेऱ्यालेच इकडं आणत नाहीस तू?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. मग मी तिचा एकटीचा फोटो काढला, चांगला, चेहऱ्यावर दारातला उजेड आलेला. तिला लगेच दाखवला. तिने पाहिला आणि मान हलवली. म्हणाली, एकटीचा आधारकार्डावर आहे.

घरी येऊन मी कॅमेरा यांच्यापुढे ठेवला. दीरही होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जेवणाखाण्याचा विषय सोडला तर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही, फक्त थांबला नाही. म्हटलं, "तुमच्या फुल फ्रेममध्ये आत्या आली नाही."

दीर सुरू झाले, त्यात काय आहे वहिनी, त्याचं असं असतं. यांनी त्यांना हाताने थांबवलं. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला पाठ लावून उभे राहिले. बराच वेळ डोळा लावून होते. मग जुना कॅमेरा आणायला सांगितला आणि तोही लावून पाहिला.

"सारखंच आहे ना वं हे?"

"सारखंच आहे."

मला वाटलं आता सुटलं. पण दुसऱ्या दिवशी हे दुकानात जाऊन आले आणि म्हणाले, वापरलेला कॅमेरा तो परत घेत नाही. हा मी हॉलला वापरतो, तुझी ती लेन्स दिवाळीनंतर पाहू. चूक झाली असं म्हणाले नाहीत, पण चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. दिवाळीनंतर. बाळ दिवाळीच्या आधी येणार आहे. बाळ काही थांबणार नाही, बारसं थांबणार नाही, आणि आत्याचं वय मला माहीत आहे.

तीन दिवस मी कपाटाचं दार उघडून तो नंबर पाहिला. तीनदा लावला आणि रिंग गेली की बंद केला. अनोळखी माणसाला काय म्हणून मागायचं? वस्तू महागाची, त्याच्या पोटाची. चौथ्यांदा लावला तेव्हा त्याने पहिल्याच रिंगला उचलला, आणि तीन वेळा कोणी त्रास दिला म्हणून चिडलेलाच होता. कोण बोलतंय, त्याने दोनदा विचारलं. मी सांगितलं, मी फोटो काढते, माठ आणि चपला दोन्ही दिसल्या होत्या ती. तो हसला. त्याला आठवत होतं. एका दिवसासाठी ती लेन्स पाहिजे म्हटलं, तर म्हणाला, तारीख कळवा, मी मोकळा असलो तर बसने घेऊन येतो. तारीख बाळालाच माहीत, मी म्हटलं.

मोकळा असला तर. त्यावर माझी सगळी भिस्त आहे, आणि अडकणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यावर. या घरात दोन कॅमेरे आहेत आणि मला परक्या माणसाच्या लेन्ससाठी हात पसरावा लागतो, याचा राग अजून उतरलेला नाही.

काल संध्याकाळी आत्याकडे गेले होते. ती बाळासाठी जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवत होती. मी विचारलं, बारशाला कुठे बसाल. तिने वर न पाहता सुईनेच चौकटीकडे दाखवलं.

मी पाळणा टांगतात त्या आकड्यापासून चौकटीपर्यंत पावलं टाकून पाहिली आणि म्हटलं, बसा तिथेच.